वचन यंत्र देईल, हिशेब कोण देणार? मुंबईतील मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पास्टोरेट कमिट्यांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटीतील बंधुभगिनींनो,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

गेले काही महिने आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात वरचेवर फिरते आहे. बायबलवर आधारलेला एआय लाइफ कोच. चोवीस तास हजर, मराठीतही बोलतो, अडचण लिहा आणि वचनासह मार्गदर्शन घ्या. ती पुढे पाठवणाऱ्यांत क्वायरमधली तरुण मुले आहेत, महिला संघाच्या भगिनी आहेत, काही ठिकाणी खुद्द पाळकही आहेत. एका मंडळीत तर स्वतःच्याच नावाने असा कोच सुरू करावा, म्हणजे घरभेटींचा भार हलका होईल, असा विचार चालू असल्याचे कळले. म्हणून हे पत्र लिहिते आहे. माझी विनंती अशी की हे काम यंत्रावर सोपवू नका, आणि माणसे यंत्राकडे का वळली ते आधी नीट पाहा.

फोनवर बायबल वाचण्याला माझी हरकत नाही. आमच्या घरातल्या वयस्क बाई मोठ्या अक्षरांमुळेच पुन्हा स्वतः वाचू लागल्या. नाइट ड्युटी संपवून परळहून कल्याणच्या गाडीत उभ्याने येणारी नर्स कानाला लावून स्तोत्र ऐकते, त्यात चांगलेच आहे. एखादे वचन कुठे आहे ते शोधायचे, दोन भाषांतरे शेजारी ठेवून पाहायची, संडे स्कूलच्या धड्याची तयारी करायची, यासाठी यंत्र जरूर वापरा. पण "मी काय करू?" हा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या उत्तरावर कुणाचे तरी पुढचे आयुष्य चालते.

आमच्या मंडळीतल्या एका ताईंनी मला त्यांच्या फोनवरचे संभाषण वाचायला दिले. प्रश्न त्यांनी रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी बसून लिहिला होता. नवरा दारू पिऊन मारतो, मुलांसमोर मारतो, माझ्यासाठी देवाची इच्छा काय आहे? काही सेकंदांत लांबलचक उत्तर आले होते. सुरुवातीला सहानुभूती. मग पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, पत्नीच्या निर्मळ वागण्याने पती जिंकला जातो तो. मग इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले बाविसावे वचन, पतीच्या अधीन असण्याचे. त्यानंतर पाच पायऱ्या: पतीच्या चांगल्या गुणांची यादी करा, त्यासाठी रोज आभार माना, क्षमेची वही ठेवा, अशा. धोका वाटल्यास जवळची मदत घ्या अशीही एक ओळ होती. कोणती मदत, कुठे, कोणता नंबर, काही नाही. आणि अगदी शेवटी लिहिले होते, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करत आहे."

कोण प्रार्थना करत होते, पाळकसाहेब? त्या वाक्यामागे कुणीही नव्हते. संकटातल्या बाईला देवाच्या नावाने सांगितलेले हे खोटे आहे आणि ते खपवून घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

ताईंनी फोन उजव्या हाताने पुढे केला, डावा हात पदराखालीच होता. मनगट सुजलेले होते. त्यांनी ते लिहिले नव्हते, म्हणून कोचला ते कळले नाही.

त्या उत्तरातले एकही वचन चुकीचे नव्हते, हे नीट लक्षात घ्या. अध्याय बरोबर, आकडा बरोबर. पण बाविसाव्या वचनाच्या अगोदरचे एकविसावे वचन ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन राहायला सांगते, आणि पंचविसावे पतींना सांगते की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी पत्नीवर प्रीती करा. ही दोन्ही वचने गाळली गेली. शास्त्रातले शब्द अचूक म्हणता येणे म्हणजे शास्त्राप्रमाणे मार्ग दाखवणे नव्हे, हे आपल्याला मत्तयाच्या चौथ्या अध्यायापासून ठाऊक आहे. मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतानाने प्रभूला ऐकवले ते 91वे स्तोत्रच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात गेलो. तिथे महापालिका आणि सेहत या संस्थेने 2000 साली "दिलासा" हा विभाग सुरू केला, आणि आता तो शहरातल्या इतर पालिका रुग्णालयांतही आहे. मारहाण झालेल्या बाईची तपासणी, नोंद, समुपदेशन, पुढची कायदेशीर वाट, सगळे तिथे एका ठिकाणी होते. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो आहे. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी बाईला त्या घरात राहण्याचा हक्क देणारा 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. यातले किती आपल्या चर्चच्या नोटीस बोर्डावर लिहिलेले आहे? वधुवर सूचना आणि सहलीची वर्गणी यांच्या शेजारी या माहितीला जागा मिळायला हवी.

आता ज्यासाठी हे पत्र खुले लिहिले ती गोष्ट. त्या ताई तुमच्याकडे का आल्या नाहीत, हे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेबांना सांगितलं की मिसेसना कळणार, मिसेसना कळलं की बुधवारच्या सभेत प्रार्थनेचा विषय होणार, आणि रविवारी सगळी चाळ मला विचारणार, आता कसं आहे घरी?"

हे वाचून कुणी दुखावले असेल तर दुखावू द्या, पण त्याचा विचार करा. प्रार्थनेचा विषय म्हणून आपण एकमेकांच्या घरातल्या किती गोष्टी उघड्या केल्या आहेत! कुणाचे लग्न जमत नाही, कुणाच्या मुलाला व्यसन लागले, कुणाची सून माहेरी गेली. हेतू चांगला असतो, हात जोडलेले असतात, डोळे मिटलेले असतात, आणि घराची अब्रू मात्र बाहेर पडलेली असते. आपली मंडळी लहान आहे. अहमदनगर-जालन्याकडून रेल्वेत, हॉस्पिटलात, गिरणीत नोकरीला आलेली कुटुंबे, त्यांच्यातच सोयरिकी. निम्मी माणसे एकमेकांची नातलग. ज्याच्याबद्दल तक्रार करायची तो कमिटीत बसलेला असतो, नाहीतर कमिटीतल्या कुणाचा मेहुणा असतो. मग बाई यंत्राशी बोलली यात नवल ते काय? यंत्र बुधवारच्या सभेला येत नाही.

दुसरेही एक कारण आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात तिथे फोनवर बोलता येत नाही, रडता तर मुळीच येत नाही. लिहिता मात्र येते, आवाज न करता. तरुण पोरांचेही तेच. अंधेरीला तिघांत एक खोली घेऊन राहणारा मुलगा नोकरी गेल्याचे घरी सांगू शकत नाही, रूममेटला सांगू इच्छित नाही, आणि पाळक त्याला नाताळात एकदा हस्तांदोलन करताना भेटलेला असतो. त्याला रात्री दोन वाजता उत्तर देणारे जगात एकच काही आहे, ते त्याच्या हातात आहे.

पण ज्या गुप्ततेसाठी माणसे तिथे जातात ती तिथेही नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. लिहिलेला शब्दन् शब्द कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जुलै 2025मध्ये एका मुलाखतीत स्वतःच सांगितले की डॉक्टर किंवा वकील यांच्याशी बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण असते ते चॅटबॉटशी बोलण्याला नाही. कॅथलिक बांधवांत पापांगीकारात, म्हणजे माणूस धर्मगुरूपुढे आपले पाप कबूल करतो तेव्हा, ऐकलेले धर्मगुरूने बाहेर काढले तर त्याला चर्चची कठोरातली कठोर शिक्षा होते. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. आपल्याकडे फक्त माणसाचा शब्द आहे, म्हणून तो जास्त सांभाळायला हवा.

यंत्राच्या सल्ल्यातली सगळ्यात मोठी अडचण मला अशी दिसते की ते सांगणाऱ्याचेच ऐकते. त्या ताईंच्या नवऱ्याने त्याच रात्री तोच कोच उघडून लिहिले असते की बायको ऐकत नाही, घरात शांती नाही, तर त्यालाही सहानुभूती मिळाली असती, त्यालाही धीराची वचने मिळाली असती. दावीद राजाकडे असा कोच असता तर ज्याची बायको घेऊन ज्याला त्याने मारवले त्या उरीयाचे नाव त्याने लिहिलेच नसते. राज्याचा ताण आहे, झोप लागत नाही, एवढेच लिहिले असते आणि एखादे शांतवनाचे स्तोत्र वाचून झोपला असता. नाथान संदेष्ट्याला दावीदाने बोलावले नव्हते. तो पाठवला गेला होता. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून त्याने राजाला राग आणला, आणि मग, तो माणूस तूच, असे तोंडावर सांगितले. पाळकाचे निम्मे काम हेच आहे: न बोलावता जाणे आणि नको असलेले सांगणे. आवडेल ते बोलण्याकडे या यंत्रांचा कल असतो, हे ती बनवणाऱ्यांनीही मान्य केले आहे. एप्रिल 2025मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीमधला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते फारच हांजी हांजी करू लागले होते.

आणि यंत्राला गप्प बसता येत नाही. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांनी पाहिले. त्यानंतर ते बोलायला लागले, चांगली धार्मिक वाक्ये बोलले, पानेच्या पाने बोलले, आणि पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर त्यांच्यावर रागावला. त्यांच्या हातून झालेले चांगले काम त्या पहिल्या सात दिवसांतले होते. मूल गेलेल्या आईजवळ आपल्यातल्या कितीतरी बायका अशाच बसल्या आहेत, चहा करून दिला आहे, भांडी घासली आहेत, काही बोलल्या नाहीत. हे काम आपल्याला येते. त्याला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही.

लाइफ कोच या कल्पनेतच वचनांना एक विशिष्ट वळण मिळते, तेही सांगते. कोचला तुम्हाला यशस्वी करायचे असते. म्हणून त्याला यिर्मया 29:11 फार आवडते, हिताचे आणि आशेचे संकल्प असलेले. नोकरी गेलेल्या त्या मुलाला ते मिळतेच. पण ते एक पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले, आणि त्याच्या आधीचेच वचन सांगते की सत्तर वर्षे थांबावे लागेल. म्हणजे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण परत जाणार नव्हते. तिथेच घरे बांधा, बागा लावा, ज्या शहरात आणले आहे त्याचे हित पाहा, असे यिर्मया त्यांना सांगतो. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला तो संपूर्ण अध्याय समजावून सांगितला तर केवढे बळ मिळेल! फिलिप्पैकरांस 4:13चेही तसेच. सर्व काही करायला मी शक्तिमान आहे असे म्हणणारा पौल तुरुंगात होता, आणि उपाशी राहायला शिकलो हे त्याने आदल्याच वचनात सांगितले आहे. परीक्षेत पहिला नंबर यावा म्हणून ते वचन भिंतीवर लावणाऱ्या मुलांना हे आपणही कधी सांगत नाही.

दुसऱ्या देशांतल्या मंडळ्यांनी हे प्रयोग करून पाहिले आहेत. अमेरिकेत कॅथलिक आन्सर्स या संस्थेने एप्रिल 2024मध्ये "फादर जस्टिन" नावाचा झगा घातलेला एआय धर्मगुरू आणला. तो लोकांना आपण खरेच धर्मगुरू आहोत असे सांगू लागला, कुणाला पापक्षमाही देऊ लागला, आणि काही दिवसांतच त्याचा झगा आणि पदवी दोन्ही काढून घ्यावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये लुझर्न शहरातल्या एका चॅपलमध्ये त्याच वर्षी पापांगीकाराच्या कक्षात येशूचा चेहरा असलेले एआय काही आठवडे बसवले होते. येणाऱ्यांना आधीच बजावले होते की खासगी माहिती सांगू नका. प्रयोग संपल्यावर तो चालवणाऱ्यांनीच म्हटले की हे कायमचे ठेवता येणार नाही, जबाबदारी फार मोठी आहे.

जबाबदारी. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पुढाऱ्यांबद्दल जे सांगितले आहे ते तुमच्यापैकी प्रत्येकाने दीक्षेच्या दिवशी ऐकले असेल: आपल्याला हिशेब द्यायचा आहे हे जाणून ते तुमच्या जिवांची राखण करतात. माझे सगळे म्हणणे या एका वचनात आहे. त्या ताईंना दिलेल्या सल्ल्यामुळे उद्या त्यांच्या जिवाचे काही बरेवाईट झाले असते तर देवापुढे कोण उभे राहिले असते? ॲप नाही. जाहिरात पुढे पाठवणारे आपण.

मुंबईला हे नवे नाही. 1889 साली पंडिता रमाबाईंनी चौपाटीवर शारदा सदन उघडले ते विधवा मुलींना राहायला घर आणि शिकायला शाळा म्हणून. पुढे केडगावला मुक्ती सदनात दुष्काळातल्या बायकामुलींना त्यांनी आधी अन्न आणि आसरा दिला. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, 1922 साली मरेपर्यंत त्या कामाला चिकटून राहिल्या. त्यांच्या हातून वचन मिळालेल्या बाईच्या डोक्यावर छप्परही होते.

आणि नव्या साधनांचा उपयोग मंडळीने कसा करावा याचेही उदाहरण आहे. चाड व्हारा नावाचे इंग्लंडमधले एक पाळक तरुण असताना त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी करावा लागला. पहिली पाळी आली, तिला तो भयंकर रोग वाटला, विचारायला कुणी नव्हते, तिने जीव दिला. ती गोष्ट त्यांनी मनातून जाऊ दिली नाही. 1953 साली लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी एक टेलिफोन ठेवला, जीव नकोसा झालेल्यांसाठी. लोक येऊ लागले. बाहेरच्या खोलीत चहा देऊन त्यांच्याशी बोलत बसणारे साधे स्वयंसेवक होते. पुष्कळांना तेवढ्यानेच बरे वाटे, पाळकांना भेटायची गरजही उरत नसे. हे पाहून व्हारांनी काही महिन्यांत ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांकडेच दिले. तीच समॅरिटन्स संस्था. मुंबईतही त्यांचे काम चालते. टेलिफोन तेव्हा घरोघरी नव्हता, तरी त्यांनी तो वापरला, आणि दुसऱ्या टोकाला माणूस बसवला.

आपल्याला हे करता येईल. आपल्या मंडळ्यांत निवृत्त नर्सेस आहेत, शिक्षिका आहेत, रात्री जागण्याची सवय असलेले रेल्वेतले काका आहेत. तीन-चार मंडळ्यांनी मिळून एक नंबर ठेवावा, पाळ्या लावाव्यात. बोलता न येणाऱ्यांसाठी त्यावर मेसेजही घेतला जावा. ऐकणाऱ्यांना आधी शिकवले जावे. मुंबईत ते शिकवणाऱ्या संस्था आहेत. बाईशी बाईनेच बोलावे. दुसऱ्या मंडळीच्या माणसाशी बोलण्याची मुभा असावी, म्हणजे मेहुण्यांचा प्रश्न मिटेल. परवानगीशिवाय कुणाचेही नाव प्रार्थनासभेत घ्यायचे नाही, हा नियम कमिटीने लेखी करावा, आणि तो पाळकांच्या घरालाही लागू असावा. आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तिथे 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर द्यावा. ऑक्टोबर 2022पासून तो मोफत चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

ज्या मंडळीत स्वतःचा एआय कोच काढायचा विचार चालू आहे त्यांनी तो थांबवावा. निदान त्याला पाळकांचे नाव आणि चेहरा देऊ नये, आणि "मी प्रार्थना करतो" हे वाक्य त्याच्या तोंडी घालू नये. जाहिरात ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी त्याच ग्रुपवर वर लिहिलेले नंबर पाठवावेत. येत्या महिन्यातल्या एका रविवारी उपदेशात या विषयावर सरळ बोलावे. मुले हे वापरतात हे धरून बोलावे, त्यांना लाज वाटेल असे बोलू नये, नाहीतर ती पुन्हा त्याच्याकडेच जातील.

त्या ताई सध्या बहिणीकडे आहेत, मुले शाळेत जातात, प्रकरण चालू आहे. हे त्यांच्या परवानगीने लिहिले आहे आणि त्यांनीच मला सांगितले की ओळख पटेल असे काही लिहू नका, पण लिहा.

पास्टोरेट कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. रात्रीच्या पाळीसाठी मंगळवार आणि शुक्रवार मी देते. महिला संघातल्या आणखी काही जणींशी बोलणे झाले आहे, त्याही तयार आहेत. नंबर कुणाच्या नावावर घ्यायचा आणि शिकवणी कुठे ठेवायची, एवढे तुम्ही ठरवून कळवा.

आपली,
मंडळीतील एक बहीण
मुंबई